मृत्यूच्या रकान्यात जागा आहे

पेपरातलं ‘दिनविशेष’ हे सदर तो उपसंपादक अठरा वर्षं लिहीत होता. दरवर्षी एका ठरावीक तारखेला जन्माच्या रकान्यातली शेवटची ओळ असायची बाईंची. एकेकाळी नाटकात राण्यांची कामं गाजवलेल्या बाई. ती ओळ वाचून चार जुनी माणसं बाईंना फोन करायची आणि बाई नऊच्या ठोक्याला उपसंपादकाला फोन करून आभार मानायच्या.

यंदा ऐनवेळी जाहिरात घुसली, म्हणून त्याने शेवटची ओळ उडवली. नऊच्या ठोक्याला फोन आलाच.

“अरे, मला गाळलंस? सकाळपासून एका मेल्याचा फोन नाही. म्हातारी खपली असंच वाटलं असणार सगळ्यांना!”

त्याच्या जिभेला हाड नव्हतंच. “काय करू बाई, जन्माच्या रकान्यात तोबा गर्दी आहे. मृत्यूच्या रकान्यात मात्र ऐसपैस जागा आहे बघा!”

बाई खळखळून हसल्या. “मग तिथे तरी नक्की घेशील ना रे?”

“शब्द देतो, बाई.”

त्याच दुपारी बाई खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. मांडीवर पेपरचं तेच पान उघडं होतं.

पुढच्या वर्षी त्याने शब्दाला जागून बाईंची ओळ मृत्यूच्या रकान्यात लावली. तेवढ्यात पुन्हा जाहिरात आली. एक ओळ उडवणं भागच होतं.



त्याने बाईंचीच उडवली. नऊच्या ठोक्याला फोन करायला आता होतं कोण?