मागे राहिलेली सुई

जपानात सुयांच्या सणाला झिजलेल्या सुया देवळात न्यायच्या आणि मऊ टोफूत टोचून त्यांना विसावा द्यायचा. शिनोआजी दरवर्षी जायची, पण एक लांब सुई घरीच ठेवायची. तरुणपणी, युद्धाच्या काळात, त्याच सुईनं तिनं लढाऊ विमानाच्या पंखांवर कापड शिवलं होतं. "शिवण उसवली तर तुझ्याकडेच घेऊन येईन हं," त्या विमानाचा वैमानिक हसत म्हणाला होता. तो युद्धातून परतलाच नाही.

यंदा सणाच्या सकाळी सुनेनं तिला आधी संग्रहालयात नेलं. त्या वैमानिकाचं विमान समुद्रातून काढून तिथं आणलं होतं, नुसतं धड.

"पंख कुठायत गं याचे?"

"सापडलेच नाहीत म्हणे, आई."

आजीनं देवळात न्यायच्या सुयांची डबी पिशवीत चाचपली.

"देवळात जाताना घरावरूनच जाऊ," ती म्हणाली. "एक सुई राहिलीय."