श्रावण पाळणारा बिबट्या

या मायबाप, जरा जवळ सरका. कीर्तनात कुणी सांगत नाही अशी गोष्ट सांगतो.

श्रावण लागला अन् आमच्या गावच्या प्राणिसंग्रहालयात बिबट्याचं मटण बंद झालं, दूधभात सुरू झाला. "आमचा बिबट्या श्रावण पाळतो!" म्हणत गाव छाती फुगवायचं. नांदेडहून लोक गाड्या करून त्याच्या पाया पडायला यायचे.

"साहेब, उपाशी मरून राहिला तो," पिंजरा झाडणारे ताहेरभाई हात जोडायचे.

"गप बसा भाई, तुम्हाला श्रावणातलं काय कळतं?" संग्रहालयाचे अध्यक्ष भागवतराव खेकसायचे.

पोळ्याच्या दिवशी बिबट्या मेला. हार-गुलाल वाहून त्याला बागेतच पुरला.

 

दुसऱ्या दिवशी श्रावण संपला म्हणून तिथंच बोकड कापून भागवतरावांसकट सगळं गाव हाडं चघळत बसलं. मायबाप, नामस्मरणाला बसाल तेव्हा त्या भुकेल्या जिवाची आठवण ठेवा.