मुळीच नाही

कोविडनंतर मलेशियन प्रवाशांचे बेत काय आहेत, याच्या आमच्या सर्व्हेत एकशे चाळीस जणांनी पर्यावरणपूरक रिसॉर्टला होकार दिला होता. मलेशियाहून अमेरिकेत, आमच्याच मॉरिसव्हिल गावी मुलीकडे आलेल्या सल्माबाईंनी मात्र प्रत्येक प्रश्नाला 'मुळीच नाही'वर खूण केली होती.

"डिलीट कर तो फॉर्म, रेणू. न वाचताच भरलाय," आमचे संशोधन-मार्गदर्शक संजीव सर म्हणाले.

"वाचून भरलाय, सर. मी त्यांना भेटून आले. डिलीट नाही करणार. हवं तर शोधनिबंधावरून माझं नाव काढा."

"एका फॉर्मसाठी? असं काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, 'लॉकडाउनमध्ये किनाऱ्यावरची आमची वस्ती उठवून असलंच रिसॉर्ट बांधलं. आता माझ्याच स्वयंपाकघराच्या जागी मी पैसे देऊन झोपू?'"