सगळे फोटो मामाच काढणार

“उघडून दाखव,” नवरी म्हणाली.

मामाने कॅमेऱ्याचं झाकण उघडून आतलं कार्ड दाखवलं.

“आणि बॅटरी?”

“अगं, तू लग्नाला उभी राहतेस की माझी झडती घ्यायला?” तो म्हणाला. पण बॅटरी दाखवली. खिशातली दुसरीही काढून दाखवली.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी फोटो काढत फिरायचा. हौस दांडगी, हात कच्चा. झाडं, पक्षी, मांजरं झकास यायची. माणसांपैकी मात्र कुणाची टाळू उडालेली, कुणाचे डोळे मिटलेले. म्हणून आपल्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला फोटोवाला बाहेरचाच हवा, असं त्याच्या ताईचं म्हणणं होतं. मुलगी हटून बसली. सगळे फोटो मामाच काढणार, नाहीतर फोटोच नकोत. मुलीपुढे आईचं काही चाललं नाही.

आणि ताईचा भावाशी अबोला होता. हे त्याला फार लागलं होतं. रविवारी सकाळी ताईच्या हातचा चहा घेतल्याशिवाय आणि तिची बोलणी खाल्ल्याशिवाय त्याचा आठवडा सुरू होत नसे. आता चहा मिळायचा, पण तोही भावोजींच्या हातून. आज फोटो नीट आले तर ती बोलेल, एवढ्याच आशेवर तो आला होता.

हॉल त्यानेच ठरवला होता. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. नवऱ्याचे मित्र ऐन वेळी कामाचं कारण सांगून गळाले होते. एका काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. जे आले होते त्यांना मामाने पुढच्या रांगांत दाटीवाटीने बसवलं, म्हणजे फोटोत हॉल भरलेला दिसेल. नवरीचा पोशाख पाठीत बसत नव्हता. तो शेजारीणबाईंनी पिना लावून कसाबसा सांभाळला.

“पाठ कुणाला दाखवू नकोस म्हणजे झालं,” त्या म्हणाल्या.

लग्न लावणारे गृहस्थ पुढे झाले. त्यांनी घसा खाकरून सुरुवात केली.

“थांबा, थांबा,” मामा ओरडला. “उजेड तुमच्या टकलावर येतोय. जरा डावीकडे व्हा.”

गृहस्थ निमूटपणे सरकले. “पुन्हा पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. आणि जावईबापू, जांभया नकोत. चेहरा उत्सुक ठेवा. लग्न तुमचं आहे.”

“मामा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो लागला,” नवरा म्हणाला. हॉलमध्ये हशा पिकला.

मामाला एक फोटो काही झालं तरी हवा होता. मुलीच्या बोटात अंगठी जाते त्या क्षणी तिच्या आईचा चेहरा. पण ताई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, ओठ मिटून बसली होती. त्याने भावोजींना खूण केली. भावोजी तिच्या कानाशी लागले आणि परत आले.

“ती म्हणते, रडू म्हणजे काय नळ आहे, फिरवला की यायला?”

“आणखी काही म्हणाली? माझ्याबद्दल?”

“म्हणाली. ते सांगण्यासारखं नाही.”

आधी नवरीने नवऱ्याच्या बोटात अंगठी घालायला घेतली. ती सांध्याशी अडकली.

“जोर लाव,” नवरा कुजबुजला.

“लावतेय. माप घेतलं तेव्हा बारीक होतास.”

“तेव्हा तुझ्या आईच्या हातचं जेवण कुठे सुरू झालं होतं?”

अंगठी चढली. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. नवरीची मान तिकडे वळली.

“मान इकडे!” मामा खेकसला.

शेजारीणबाई उठून आत गेल्या. आवाज थांबला.

मग नवऱ्याने नवरीचा हात हातात घेतला. आतापर्यंत थट्टा करणाऱ्या त्या मुलाने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याने अंगठी हळू सरकवली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिचे डोळे भरून आले. मामाने कॅमेरा पहिल्या रांगेकडे वळवला.

ताई रडत होती. डोळे पुसतसुद्धा नव्हती. लहानपणी त्याला शाळेच्या दारात सोडून परत फिरताना ती अशीच रडायची. मामाला भडभडून आलं. त्याने श्वास रोखून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्याला समोरचं काही दिसेना, तरी तो दाबतच राहिला.

“झालं,” शेवटी तो म्हणाला. “उठा सगळे.”

एका खुर्चीवर बसून त्याने एकेक फोटो पाहिला. सगळ्यांची डोकी शाबूत होती, डोळे उघडे होते. त्याने कॅमेरा भावोजींकडे दिला, भावोजींनी ताईकडे. ताईने चष्मा चढवला आणि एकही फोटो न गाळता ती बघत राहिली. स्वतःच्या फोटोपाशी बराच वेळ थांबली. मामा उगाच कॅमेऱ्याच्या रिकाम्या पिशवीशी चाळा करत उभा होता.

शेजारीणबाई आतल्या खोलीतून बाळाला घेऊन बाहेर आल्या. नवरीला पाहताच बाळाने तिच्याकडे झेप घेतली आणि तिने त्याला छातीशी धरलं. ताईने चष्मा काढून भावाकडे सरळ पाहिलं.

“पुढच्या महिन्यात नातीचा पहिला वाढदिवस आहे,” ती म्हणाली. “कॅमेरा घेऊन ये. पण कार्ड विसरून लग्नासारखा तोही दोनदा करायला लावलास, तर याद राख.”