सुभेदारकाकांची लढाई

"अन् सेनापतींनी घोड्याला टाच मारली!" सेनापतींच्या संग्रहालयात माहिती सांगणारे सुभेदारकाका गरजले. काचेतली चिलखतंसुद्धा दचकली असतील.

माझ्या खांद्यावर लेक नुकतीच झोपली होती. दात येत होते तिला. रात्रभर ती रडली, मग मीही. मी हात जोडले, "काका, जरा हळू. मोठ्या मुश्किलीनं डोळा लागलाय."

फौजेतून निवृत्त झालेले काका एकदम वरमले. पुढची लढाई त्यांनी कुजबुजत सुरू केली. सहलीला आलेल्या आज्यांनी चपला हातात घेतल्या. दालन चिडीचूप झालं आणि लेकीनं भोकाड पसरलं.

"अगं, तिला आवाजच हवाय!" एक आजी म्हणाल्या. "सुभेदार, सोडा हो तोफा!"

काका पुन्हा गरजले. लेकीनं माझ्या मानेत नाक खुपसून डोळे मिटले. पण लढाई संपत आली होती. सेनापती धारातीर्थी पडले, काकांनी टोपी काढली, सगळे गप्प झाले. खांद्यावर चुळबुळ सुरू झाली.

"काका," मी कळवळून म्हणाले, "थांबू नका ना!"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि पडलेल्या सेनापतींना पुन्हा घोड्यावर बसवलं.