डेबीचा चेहरा

डेबी लेनची तीच रेकॉर्ड ओरेस्तेने दुसऱ्यांदा विकत आणली, तेव्हा निवेसचं डोकंच फिरलं. नवरा रोज दार लावून एका सोनेरी केसांच्या अमेरिकन पोरीचं गाणं ऐकत बसतो, हे मिलानमधल्या कुठल्या बायकोला खपेल?

"पहिलीला काय धाड भरली?"

"झिजली."

"लाज वाटत नाही? नुसते ओठ हलवते ती टीव्हीवर!" निवेस म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"तुला कसं माहीत?"

तिने उत्तर टाळून रेकॉर्डचं कव्हर ओढून घेतलं. डेबीच्या चेहऱ्यावर कागद चिकटवलेला होता.

"हे काय?"

"तिचं तोंड मधे येतं." ओरेस्तेने रेकॉर्ड लावली. "दर मंगळवारी मावशीकडे जातेस ना? काल ट्राममध्ये भेटली मावशी. वर्षभर फिरकली नाहीस म्हणाली."

निवेसने कव्हर खाली ठेवलं. मंगळवारी ती ज्याच्याकडे जायची, त्या रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्याने बजावलं होतं, घरीसुद्धा बोलायचं नाही.

"कडव्याआधी ही पोरगी नाकातून श्वास ओढते, ऐक," तो म्हणाला. "तू माझ्यावर ओरडण्याआधी अगदी असाच ओढतेस."

निवेसने ओरडायला श्वास ओढला, आणि तसाच धरून ठेवला.