संग्रहालयाची रंगीत तालीम

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात नागपुरात मुलांसाठी खेळण्यांचं संग्रहालय उघडलं, आणि पुसदच्या कचेरीतल्या हेडक्लार्क यज्ञेश्वरपंतांनी सहकुटुंब जायचं ठरवलं. संग्रहालय म्हटलं की शिस्त आली! पंतांनी ओसरीवर भातुकली, भोवरे, लाकडी बैल मांडून रोज संध्याकाळी तालीम सुरू केली. मुलांनी हात मागे बांधून रांगेनं पाहायचं; ज्याचा हात वस्तूला लागेल त्याच्या बोटांवर कचेरीतला रूळ बसायचा.

"अहो, पोरांना सहलीला नेऊन राह्यले की कवायतीला?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"चारचौघांत आपली शोभा व्हायला नको," पंत म्हणाले.

नागपुरात झोपाळे होते, किल्लीची आगगाडी होती, डुलणारा घोडा होता, आणि पंतांची मुलं हात मागे बांधून भिंतीशी उभी होती. तिथला शिपाई बुचकळ्यात पडला. "साहेब, हे समदं खेळासाठीच हाये. तुमचे पोट्टे असे काहून उभे हायेत?"

शोभा झालीच होती, आणि तीही पंतांनी घरून तयार करून आणलेली. "खेळा रे," ते पुटपुटले. कुणी हलेना. "अरे, खेळा म्हणतो ना!" ते ओरडले, तशी मुलं आणखीच ताठ झाली. शेवटी करून दाखवावं म्हणून पंतांनी स्वतःच त्या घोड्याचा कान धरला.



टपकन त्यांच्या बोटांवर रूळ बसला. धाकट्या पद्मजेनं तो पुसदहून आठवणीनं आणला होता.